महिन्याला नक्की किती मिळतात?

प्रिय आई, बाबा,

फोनवर हे बोलणं जमतच नाही. बाबांचा आवाज चढतो, आई मधेच "जेवलीस का गं" विचारते आणि विषय तिथेच संपतो. म्हणून लिहितीये. झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून घ्या, बाबांनी मोबाईलवर डोळे फोडत बसू नये.

बाबा, सहा वर्षं तुम्ही एकच विचारताय, महिन्याला नक्की किती मिळतात, आणि मी दरवेळी "भागतं हो" म्हणून टाळते. खरं सांगायचं तर भाषांतराच्या आणि लिहिण्याच्या सुट्या कामांत महिन्याला असं काही मिळतच नाही. गेल्या आर्थिक वर्षात सगळे मिळून 3 लाख 64 हजार आले. भागिले बारा केलं की तीस हजार आणि वर थोडे, ऐकायला बरं वाटतं, पण तो तीस हजारांचा महिना मी एकदाही बघितला नाही. मार्चमध्ये 71 हजार आले, कारण कंपन्यांना वर्षअखेरीला बिलं क्लिअर करायची असतात, आणि जुलैत शून्य. जुलैत मी लोळत नव्हते हां, उलट सगळ्यात जास्त काम तेव्हाच केलं, औषधांची माहितीपत्रकं, एका सिरीजचे सबटायटल्स, दोन दिवाळी अंकांच्या कथा, पण त्याचे पैसे ऑक्टोबरपासून पुढे थेंब थेंब आले.

भाषांतराला मला शब्दामागे 1 रुपया 20 पैसे मिळतात. दिवसाला दोन हजार शब्द नीट होतात, त्यापुढे मी काय लिहितीये ते मलाच कळत नाही. आता म्हणाल रोज 2400 म्हणजे झकास की, पण रोज काम कुठे असतं? आणि हल्ली एजन्स्या भाषांतर मशीनकडून करून घेतात आणि मला फक्त तपासायला देतात, शब्दाला 40 पैसे. तपासायला म्हणजे काय, तर परवा वॉशिंग मशीनच्या पत्रकात 'टंबल ड्राय करू नका'चं, म्हणजे ड्रायरमध्ये फिरवून वाळवू नका ह्याचं, 'कोसळून वाळवू नका' केलेलं. हसू नका, असली अख्खी पानं पुन्हा लिहावी लागतात, वेळ तेवढाच जातो आणि पैसे तिसरा हिस्सा.

आणि पुस्तक. आई, तू अख्ख्या गल्लीला दाखवलंस ते. किंमत 250, मला छापील किमतीच्या दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे 25 रुपये. पहिल्या वर्षात 412 प्रती गेल्या, मराठीत नवीन माणसाच्या मानाने वाईट नाही असं सगळे म्हणतात. झाले 10,300. लिहायला दीड वर्ष लागलं होतं. मला त्याचा पश्चात्ताप नाही, फक्त मावशीला सांग की पुस्तक आलं म्हणजे गाडी येत नाही.

बिलातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापतात ते बुडाले असं समजू नका, रिटर्न भरलं की परत येतात, पण पुढच्या वर्षी. म्हणजे माझेच पैसे मी सरकारला वर्षभर उसने दिल्यासारखे. एकाने तर कापले आणि सरकारकडे भरलेच नाहीत, माझ्या 26 एएसमध्ये, म्हणजे भरलेल्या कराच्या उताऱ्यात, दिसेनात, चार महिने मेल करत होते.

बाबा म्हणतील पैसे उशिरा देणाऱ्यांची तक्रार कर. करता येते. छोट्या उद्योगांसाठी 2006 चा कायदा आहे, आपली उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, असेल तर 45 दिवसांच्या आत पैसे द्यायलाच लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. नोंदणी फुकटात होते, मी केलीये, बिलावर नंबरही टाकते. पण ज्याची तक्रार करणार तोच पुढच्या महिन्यात काम देणार असतो, मग हात आखडतो.

हे सगळं तुम्हाला नवीन वाटेल बाबा, पण आईला नाही वाटणार. तुम्ही आयुष्यभर एसटीत आधी पैसे घेतलेत आणि मग तिकीट फाडलंत, वर पगार. आईने आधी ब्लाऊज शिवून दिले आणि मग वाट बघितली. ती निळी वही आठवते ना, मशीनच्या खणात असायची, "3 ब्लाऊज, अस्तर आपलं, 120 बाकी", आणि खाली पेन्सिलने "हळदीकुंकवाला देते म्हणाली". मी शाळेतून येताना दोन घरं करून यायचे, "आईने पैसे मागितलेत" म्हणायला, आणि त्या बायका दारातूनच म्हणायच्या सुट्टे नाहीत. माझीपण आता तशीच वही आहे, फक्त ती एक्सेलमध्ये आहे. लोक सुट्टे नाहीत म्हणत नाहीत, "अकाउंट्सला पाठवलंय" म्हणतात.

आता जे सांगायला एवढं लांबण लावलं ते. गौरीला आले तेव्हा आई तू माझा गळा बघितलास आणि विचारलंस चेन कुठंय, मी म्हणलं पुण्यात चेन खेचतात म्हणून लॉकरला ठेवलीये. ती बँकेतच होती, पण गहाण. जुलैत लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला, त्यात भाडं थकलेलं आणि तिघांकडून मिळून 83 हजार यायचे होते, मग चेन ठेवून 40 हजार उचलले. नोव्हेंबरात सोडवली. तुमच्याकडे मागितले असते तर तुम्ही दिले असते, म्हणूनच मागितले नाहीत. खोटं बोलले ते मात्र चुकलं.

तर बाबा, एफडी मोडायची नाही. तुमची ईपीएसची पेन्शन तुम्हीच म्हणता भाजीला पुरत नाही, मग ती एफडी तुमच्या दवाखान्याची आहे, माझ्या जुलैची नाही. माझ्या जुलैसाठी मी ह्या मार्चच्या पैशातले 35 हजार वेगळ्या खात्यात टाकलेत आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड घेतलेलंच नाही. आणि नव्या क्लायंटकडून आता निम्मे पैसे आधी घेते. दोघं पळून गेले, तिसऱ्याने गुपचूप दिले. तुमचीच सवय आहे, आधी पैसे मग तिकीट. बँकेच्या परीक्षेचे फॉर्म मात्र आता पाठवू नका हो, वय कधीच निघून गेलं.

रविवारी सकाळच्या गाडीने येते. आई, ती निळी वही रद्दीत घालू नकोस, मला हवीये.

तुमची,
सोनी

ता. क. दोन दिवाळी अंकांपैकी एकाचे दीड हजार अजून आलेले नाहीत. संपादक भेटले की मला "ताई" म्हणतात आणि चहा पाजतात.