आल्डरच्या मुळाशी लावायला थर्मामीटर हवे आहेत

अलास्कातल्या टनाना नदीकाठच्या जंगलासाठी आम्ही आपल्याकडे मदत मागत आहोत.

अलास्काच्या अंतर्भागात जूनमधल्या उन्हात अंगातलं जॅकेट उतरवावं लागतं. त्याच दुपारी काळ्या स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडांखालच्या शेवाळात मनगटापर्यंत हात खुपसून बघा, बोटं बधिर होतात. शेवाळाची जाड गादी वरची ऊब खाली पोचूच देत नाही आणि तिच्याखाली कित्येक ठिकाणी जमीन बारमाही गोठलेली असते.

या गारठ्यात आल्डरच्या झुडपांचं कसं चाललंय, ते आम्हाला मोजायचं आहे. कडधान्यांप्रमाणे आल्डरच्या मुळांनाही गाठी येतात. फक्त त्यांत कडधान्यांतल्या रायझोबियम जिवाणूंऐवजी फ्रँकिया नावाचे जिवाणू असतात. हवेतल्या नायट्रोजनचा तिहेरी बंध तोडून तो झाडाला वापरता येईल असा करणारं त्यांचं विकर माती गार असली की मंदावतं. मुळांची वाढही रेंगाळते, मग नव्या गाठी कुठून धरणार? एरवी हे झुडूप मोठं दिलदार. पानं गळतात तीही बहुतेक हिरवीच, त्यामुळे त्यांतला नायट्रोजन मातीला मिळतो. थंड मातीत पालापाचोळा फार सावकाश कुजतो, म्हणून इथे या खताचं मोल मोठं. पुराने आणून टाकलेल्या ताज्या गाळावर तर पुढे येणाऱ्या झाडांची बरीचशी भिस्त आल्डरवरच असते.

हवेचं तापमान ठिकठिकाणी नोंदलं जातं. आल्डरच्या मुळाशी किती अंश आहेत, याच्या नोंदी आमच्याकडे फार थोड्या आहेत, आणि ही उणीव आम्हाला मनापासून खुपते.

मातीत खुपसायचे थर्मामीटर आणि आपोआप नोंद ठेवणारी छोटी यंत्रं हवी आहेत. वापरलेली, पण चालू असली तरी आनंदाने घेऊ. त्यासाठी देणगीही चालेल, रक्कम लहान असली तरी. त्याहून जास्त गरज माणसांची आहे. बर्फ वितळल्यापासून पानगळीपर्यंत आठवड्यातून एकदा, त्याच झुडपाशी, 10 सेंटिमीटर खोलीवरचं तापमान वहीत लिहायचं. ज्यांच्या जमिनीत आल्डर आहे त्यांनी आम्हाला आत येऊ द्यावं, एवढंही पुष्कळ आहे.

गाठी बघायला झुडूप उपटू नये. एका बाजूची माती बोटांनी हलकेच सारली की पोवळ्यासारखे फाटे फुटलेले झुबके दिसतात. टणक आणि उजळ असतील तर जिवंत, काळपट आणि मऊ असतील तर मेलेले. बघून झालं की माती आणि शेवाळ होतं तसं परत लावावं. उघडं पडलेलं मूळ सुकतं, आणि शेवाळ सरकलेल्या जागेची पुढची नोंदही मग कामाची राहत नाही.