पानाची मागची बाजू वाचणाऱ्या दादांना

दादा,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. चार-पाच वेळा तुमच्याकडे आले, दर वेळी "अहो दादा" म्हणून हाक मारली, तुम्ही "या काकू" म्हणालात, आणि तेवढ्यावर आपलं भागलं. अप्पा बळवंत चौकातून आत वळल्यावर जिन्याखालच्या टीचभर जागेत तुमचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान होतं. यंदा वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी तिथं आले, तर शटर खाली. शेजारच्या वह्यावाल्यांनी सांगितलं, दुकान उठलं, तुम्ही हडपसरच्या बाजूला कुठंतरी गेलात. नंबर त्यांच्याकडेही नव्हता. पिशवीतली पानं तशीच घेऊन मी बसस्टॉपवर आले आणि मला रडू आलं. तुमचे आभार मानायला मी फार उशीर केला होता. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. कुणीतरी ओळखीचं वाचेल, तुमच्यापर्यंत पोचवेल.

माझी गच्ची सहकारनगरात आहे. एका अंगाला तळजाई, दुसऱ्या अंगाला पर्वती. साठेक कुंड्या, चार अर्धे ड्रम, एक जुनी न्हाणीतली सिमेंटची टाकी, तिच्यात अळू. कोणी घरी आलं की जाताना फांदी मागतं. कुणाला गावठी गुलाब हवा, कुणाला मोगरा, कुणाला गवती चहाचं ठोंब. मी देते. महिन्याभरानं फोन येतो, "वाळलं हो." तेव्हा वाटायला लागलं, फांदीबरोबर पानभर मजकूरही द्यावा, म्हणजे झाड जगेल. नोकरी संपली होती, वेळ होता. बावीस वर्षं हात मातीत होते. लिहायला किती वेळ लागणार, असं वाटलं होतं.

लिहिताच येईना, दादा. म्हणजे वाक्यं यायची, पण ती माझी नसायची.

एका लेखन कार्यशाळेला पैसे भरून गेले. तिथल्या मार्गदर्शकांनी माझ्या पहिल्या दोन ओळी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचल्या आणि म्हणाले, "हे घरगुती आहे. यात माहिती कुठंय? निष्कर्ष काय?" पुढच्या रांगेतले दोघं-तिघं हसले. मग एका पुरवणीला लेख पाठवला. तो छापून आला तेव्हा त्याचे दहा मुद्दे झाले होते. मी "खुरपणी" लिहिलं होतं, त्याचं "तणनियंत्रण" झालं होतं. खाली नाव माझं होतं. आमच्या फलटणच्या अक्काला मी ते कात्रण पाठवलं, तर तिनं उलट टपाली विचारलं, "हे तू लिहिलंस का कुणी दुसऱ्यानं?" तेव्हा मला तिचा राग आला होता. आता कळतं, तिनं नेमकं तेच पकडलं होतं जे मला सापडत नव्हतं. त्या दोघांनी, मार्गदर्शकांनी आणि संपादकांनी, मला वाईट वागवलं असं मी म्हणत नाही. पण त्यांनी मी लिहिलेलं पुरतं वाचलंसुद्धा नाही, आणि त्याची बोच अजून गेलेली नाही.

त्यानंतर मी त्यांच्यासारखंच लिहायला लागले. "उद्यानप्रेमी मित्रांनो" अशी सुरुवात. "सदर वनस्पतीस पूर्ण सूर्यप्रकाश आवश्यक असून निचरा होणारी जमीन मानवते." असं पान लिहून झालं की मी दमून जायचे, आणि परत वाचावंसं वाटायचं नाही.

गेल्या श्रावणात तुमच्याकडे जी चार पानं टाइप करायला दिली, ती अशीच होती. कढीपत्त्यावरची. कागद वाया जाऊ नये म्हणून मी एका बाजूला लिहिलेले कागद वापरते, हे तुम्ही पाहिलंच. तिसऱ्या पानाच्या मागं अक्काला लिहिलेल्या पत्राचा कच्चा खर्डा होता. अक्काला ऐकू येत नाही. फोनवर बोलणं होत नाही, म्हणून आम्ही बहिणी अजून पत्रं लिहितो. तो खर्डा मी विसरूनच गेले होते.

दोन दिवसांनी आले, तर तुम्ही चार पानं पुढं केलीत, टाचणी लावून, नीट. मग खणातून पाचवं पान काढलंत. "काकू, पुढचं तुम्ही दिलंत तसं केलंय. हे मागचं मी माझं माझं टाइप केलं. न विचारता वाचलं, रागावू नका." आणि मग विचारलंत, "ते सुरवंट जगले का? पुढं काय झालं त्यांचं?"

मी ते पान हातात घेतलं. माझंच अक्षर छापील झालेलं होतं:

"अक्का, काल कढीपत्त्याच्या पानावर चिमणी शिटली म्हणून पुसायला गेले, तर ती शीट चालायला लागली. बारकी अळी गं. काळपट, मध्येच पांढरा पट्टा, हुबेहूब पाखराची घाण. अकरा मोजल्या. आठवड्यात त्या मोठ्या झाल्या नि पानासारख्या हिरव्यागार दिसायला लागल्या. एकीला काडी लावली, तर डोक्यामागनं केशरी शिंगं बाहेर काढली नि असा उग्र वास सोडला की मी मागं सरले. आई असती तर वेचून कोंबड्यांना घातल्या असत्या. माझ्यानं होईना. निम्मं झाड खाल्लंय. फोडणीला भाजीवाल्याकडनं चार काड्या मागून आणते नि घरचं झाड त्यांना खाऊ देते. तू मला वेडी म्हणशील."

दुकानात झेरॉक्सला माणसं उभी होती. एका मुलाला प्रोजेक्टची पानं बांधून हवी होती, तो घाई करत होता. तुम्ही त्याला "दोन मिनिटं हां" म्हणालात आणि माझ्याकडे बघत राहिलात. उत्तर हवं होतं तुम्हाला. मी सांगायला लागले. सात गेल्या. काही बुलबुलानं उचलल्या असाव्यात, दोन नुसत्याच काळ्या पडून लोंबल्या. चार उरल्या. एकीनं तुळशीच्या कट्ट्याला, एकीनं कपडे वाळत घालायच्या तारेच्या खुंटीला कोष केला. त्या तारेवर मी दहा-बारा दिवस कपडे घातले नाहीत. एका सकाळी खुंटीखाली रिकामं टरफल, आणि शेजारी ओले पंख वाळवत बसलेलं फुलपाखरू, काळं-पिवळं, मागच्या पंखावर विटकरी लाल ठिपका. लिंबाच्या झाडांवर वाढतं ते हे, लिंबू नि कढीपत्ता एकाच कुळातले. तुम्ही म्हणालात, "आणि झाड?" मी म्हटलं, "झाडाला नवी पालवी फुटली. आधीपेक्षा दाट." तेव्हा तुम्ही हसलात आणि म्हणालात, "मग हे का नाही लिहीत?"

पैसे चार पानांचे घेतलेत. पाचव्याचे घेतले नाहीत. मी देत होते, तर तुम्ही हात मागं घेतलात.

त्या रात्री मी पुढची चारही पानं बाजूला ठेवली. नवा कागद घेतला आणि वर "अक्का," असं लिहिलं. बाकी काही केलं नाही. तेवढ्यानं हात मोकळा झाला. अक्काला "सदर वनस्पती" असं कोण सांगेल? तिला खोटं सांगता येत नाही, आणि उगाच पाल्हाळ लावलं तर ती पान उलटते. तिला जे सांगायचं ते मी केलेलं, पाहिलेलं असावं लागतं. मग एकेक गोष्ट तपासून घ्यायला लागले. "पूर्ण सूर्यप्रकाश" हे शब्द मी कितीदा लिहिले होते! आपल्या पुण्यात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. गच्चीवरची फरशी तापते, कुंडीची भिंत तापते, आणि मुळं आतल्या आत भाजतात. आता मी लिहिते, "मे महिन्यात दुपारी दोनला कुंडीला बाहेरून हात लावून बघ. हात टेकवत नसेल तर झाडालाही सोसत नाही. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेव, म्हणजे एकीची सावली दुसरीवर पडेल, नि मातीवर पालापाचोळा पसर." पूर्वी लिहायचे, "आठवड्यातून दोनदा पाणी द्यावे." आता लिहिते, "बोट दोन पेरं मातीत घाल. ओलं लागलं तर झारी ठेवून दे."

अंड्याची टरफलं टाका, चहाचा चोथा टाका, हे सगळेच सांगतात. मीही डोळे झाकून लिहीत होते. खरं म्हणजे माझ्या कुंडीत न कुटलेली टरफलं दोन वर्षांनी जशीच्या तशी निघाली होती, आणि दूधसाखरेचा चोथा न धुता टाकला तेव्हा मुंग्यांची रांग लागली होती. माझ्या डोळ्यांसमोर झालेलं हे मी लिहिलं नव्हतं, कारण कुणीच तसं लिहीत नव्हतं.

शास्त्रीय नावं मी टाकून दिली असं समजू नका. उलट आता ती आवडीनं येतात. कढीपत्त्याच्या लॅटिन नावात जे "कोएनिगी" आहे ते योहान केनिग या माणसावरून. झाडांना लॅटिन नावं द्यायची पद्धत बसवणाऱ्या लिनियसचा शिष्य, अठराव्या शतकात इकडे आला, तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला डेन्मार्कवाल्यांची वसाहत होती तिथं राहिला, झाडं गोळा करत हिंडला. अक्काला मी लिहिलं, "आपण पिढ्यान् पिढ्या जे पान तेलात टाकतो, त्याच्या नावात एक परदेशी पाहुणा बसलाय. घराकडून इतक्या लांब येऊन त्यानं या झाडाशी ओळख केली, मग बसू दे." हेच वाक्य आधी होतं तेव्हा त्यात नुसतं नाव आणि कुळ होतं.

कुणी म्हणेल, एका टायपिस्टनं एक पान जास्तीचं टाइप केलं, त्याचं एवढं काय. पण तुमच्या जागी बसून दिवसभरात किती कागद हातांखालून जात असतील! भाडेकरार, अर्ज, पोरांचे प्रबंध. त्यातलं काही वाचायचं बंधन तुमच्यावर नव्हतं. तुम्ही वाचलंत आणि वाचलंय हे सांगितलंत. अशी माणसं मला अधूनमधून भेटली आहेत. सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीत मी सफरचंदाचं रोप हातात घेऊन उभी होते, तेव्हा तिथल्या काम करणाऱ्या मावशींनी हळूच सांगितलं, "ताई, हे नका नेऊ. तुमच्याकडं पैसे जातील नि झाडही जाईल. जांभूळ न्या." मालक दहा पावलांवर होता. त्या बाईंचं नावही मला माहीत नाही. ती जांभूळ मी भावाच्या शेतावर लावली. आज तिच्याखाली बैलगाडी उभी राहते. एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत फुलांचं प्रदर्शन भरतं तिथं दर वर्षी जाते, तेव्हा बक्षीस मिळालेल्या कुंड्यांपाशी गर्दी असते. मी हल्ली त्या कुंड्या उचलून आणणाऱ्या, रात्री पाणी घालणाऱ्या माणसांकडे बघत राहते. आपण ज्यांना विचारत नाही ती माणसं किती नीट बघत असतात, हे तुमच्यामुळे ध्यानात आलं.

आता माझी बावीस पानं झाली आहेत. फांदी देते तेव्हा त्या झाडाचं पान झेरॉक्स करून सोबत देते. वरच्या मजल्यावरच्या सूनबाई म्हणाल्या, "काकू, वाचताना तुम्ही स्वयंपाकघरात उभ्या राहून बोलताय असं वाटतं." ज्या घरगुतीपणावरून मला कार्यशाळेत हसले, त्याचसाठी ही पोर मला शाबासकी देत होती. अक्काला सगळी पानं पाठवली. तिनं उलट लिहिलं, "आता तू." दोनच शब्द. ते पत्र मी देवघरात ठेवलंय.

वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी आणलेली पानं तुमच्यासाठी अजून तशीच आहेत. आणि आणखी एक ठेवलंय. त्याच कढीपत्त्याला यंदा फळं धरली. काळी झाल्यावर बुलबुल टपून बसले होते, त्यांच्या आधी मी मूठभर काढली, गर धुऊन बिया त्याच दिवशी पेरल्या. वाळवून ठेवल्या तर उगवत नाहीत. सहा उगवल्या. त्यातलं एक रोप तुमचं. आता चार बोटं उंच आहे.

तुमच्या नव्या जागी ऊन किती येतं मला माहीत नाही. खिडकीत चार तास आलं तरी पुरे. पहिलं वर्षभर पानं तोडू नका, फोडणीला कितीही मोह झाला तरी. वीतभराचं झालं की शेंडा खुडा, म्हणजे बाजूनं फुटेल. कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवा, उपडा. थंडीत पानं पिवळी होऊन गळतील, घाबरू नका, पाणी कमी करा, फाल्गुनात पुन्हा फुटतं. आणि पानावर पाखराची शीट दिसली तर पुसायच्या आधी जरा थांबून बघा.

तुमची,
गच्चीवरची काकू
सहकारनगर, पुणे