हो आई, दादा आठवतो

प्रिय आई आणि बाबा,

गेल्या रविवारी फोनवर बोलता बोलता आईनं एकदम विचारलं, "तुला दादा आठवतो का गं?" आणि मला उत्तरच सुचेना. ३१ वर्षांत तिच्या तोंडून त्याचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मग बोलू म्हणून मी फोन ठेवून दिला. तेव्हा जे बोलता आलं नाही ते लिहितेय.

आठवतो. खूप आठवतो.

एक गोष्ट तुम्हाला कधीच सांगितली नाही, ती आधी सांगते. त्या दिवशी खिडकीची जागा त्याची होती. मी रडून ती मागून घेतली. "येताना माझी हं," एवढंच म्हणून तो पलीकडे सरकला. ट्रक आला तो त्याच बाजूनं. मी ७ वर्षांची होते. दवाखान्यात पायाला वजन लावून निजवलेलं असायचं, तेव्हा रोज रात्री मनात म्हणायचे, खिडकी परत देते, पण त्याला आणा. त्या वयातल्या मुलांना घडलेलं वाईट आपल्यामुळेच घडलं असं वाटतं, हे मला तिशीत एका समुपदेशक बाईंनी सांगितलं. त्यांच्यासमोर मी तासभर रडले.

"तिला इतक्यात सांगू नका, धक्का बसेल," असं सगळेच तुम्हाला सांगत होते, ते मी ऐकलं होतं. तुमच्यावर राग नाही, खरंच नाही. आई, तू तोंड धुऊन माझ्याजवळ यायचीस, तरी पापण्या सुजलेल्या दिसायच्या. कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर घातलेली मी घरी आले, तेव्हा दाराशी त्याच्या चपला नव्हत्या. मला तेव्हाच कळलं. पुढे कुणीतरी "तो शांत झोपलाय" म्हणालं आणि मला झोपेचीच भीती बसली. प्लास्टर निघाल्यावर कितीतरी महिने अंथरूण ओलं व्हायचं. तू न बोलता चादर बदलायचीस, माझे केस मागे सारायचीस. त्याबद्दल तुला कधी काही म्हटलं नाही, आज म्हणते. त्या हातामुळे मी तगले गं.

घरात माणसं बसलेली असताना मी एकदा खिदळले होते. "हिला अजून काही समजत नाही," असं कुणीसं म्हणालं. समजत होतं. लहान मुलाचं दुःख असंच असतं, आत्ता रडू, घटकेत खेळ, पुन्हा रडू. बाबा, मी खेळण्यातल्या गाड्या सारख्या एकमेकींवर आपटायचे, ते तुम्हाला बघवेना, म्हणून तुम्ही त्या उचलून ठेवल्यात. मला वाटलं, माझी चूक तुम्हाला कळली. मला तर तो अपघात पुन्हा पुन्हा करून बघायचा होता, एकदा तरी तो वाचेल म्हणून.

पण चालायला तुम्हीच शिकवलंत. प्लास्टर काढलं तेव्हा पाय काडीसारखा झाला होता, गुडघा वाकत नव्हता. तुम्ही माझे दोन्ही हात धरून उलटे चालायचात. आज ३ फरश्या, उद्या ४. रडले तर थांबायचात, पण हात सोडायचा नाहीत. मांडीचं मोडलेलं हाड लहानपणी भरताना जरा जास्तच वाढतं, तसा माझा तो पाय सेंटीमीटरभर लांब आहे. नवी पँट घातली की तिकडची कड किंचित वर राहते. दर वेळी दादा आठवतो.

त्याची शीळ आठवते. गोष्ट वाचताना राक्षसाचा आवाज काढून मला घाबरवायचा आणि मग स्वतःच मला जवळ घ्यायचा, तेही आठवतं. त्याचा आवाज मात्र आता नीट ऐकू येत नाही, आणि त्याचं अक्षर कसं होतं तेही आठवत नाही. तो ११ वर्षांचा होता, म्हणजे त्याची पहिली ४ वर्षं फक्त तुम्हा दोघांकडे आहेत. ती मला हवी आहेत.

मी पुढच्या महिन्यात येतेय, चांगली आठ दिवस. त्याची एखादी वही ठेवली असेल तर काढून ठेवा. आणि बाबा, त्या गाड्या कुठे आहेत?

तुमची,
धाकटी