साडेबारा हजार किलोमीटर

सातारा

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

तिकडे परत गेल्यापासून दोनदा म्हणालास, "बाबा, एवढ्या लांब आलो नसतो तर आजी भेटली असती." फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

काल माळ्यावरून तुझा लहानपणीचा पृथ्वीगोल काढला. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरलं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणला. भिंतीवरच्या नकाशात ही वाट अरबस्तानावरून सरळ पश्चिमेला जाईलसं वाटतं. दोरा मात्र उत्तरेला चढला. अफगाणिस्तान, कझाकस्तान, सेंट पीटर्सबर्गच्या आसपास, मग आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि तिथून खाली कॅनडा. गोलावर सगळ्यात जवळची वाट हीच, सुमारे 12,500 किलोमीटर. इतकी वर्षं वर्गात शिकवलं, पण दोऱ्याच्या त्या टोकाला आपलं माणूस असलं की बोट वेगळंच थरथरतं.

विमानं अगदी या रेषेवरून जात नाहीत. 2022 पासून अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे, त्यांना वळसा पडतो. शिवाय दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत असतो, हिवाळ्यात जास्तच. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीशी. म्हणून थेट विमानाला जायला पंधरा-सोळा तास, आणि तू आलास साडेचौदा तासांत.

आता हिशेब बघ. मी तुला फोन केला मंगळवारी पहाटे साडेचारला. तुझ्याकडे सोमवारचे संध्याकाळचे सहा. तू दारात आलास बुधवारी संध्याकाळी साडेसातला. एकोणचाळीस तास. त्यातले साडेसतरा तिकीट मिळून विमान सुटेपर्यंत गेले, आणि मुंबईला उतरल्यावर रांगा, सामान, घाट धरून सात. तू एक मिनिटही वाया घालवला नाहीस, बाळा.

आणि जे सांगायचं राहिलं ते हे. आजीला मंगळवारी दुपारीच नेलं. तुझ्यासाठी थांबू या, असं काका म्हणाला होता. बर्फ आणायचीही तयारी झाली होती. नाही म्हणालो मी. तिला तसं ठेवलेलं मला बघवलं नसतं. तुला न विचारता ठरवलं, आणि तू आल्यावर ते सांगायचं धैर्य झालं नाही. तुझी भेट हुकली ती माझ्या या निर्णयामुळे. रागवायचं असेल तर माझ्यावर रागव, नोकरीवर आणि अंतरावर नको.

गुरुवारी सकाळी संगम माहुलीला सावडायला तू होतास. अस्थी तुझ्याच हातांनी कृष्णेत सोडल्या. तिला नातवाकडून तेवढं हवं होतं, मला म्हणाली होती.

तिच्या उशाशी ते जुनं घड्याळ अजून आहे, तुझ्या वेळेवर लावलेलं. तुझे सकाळचे आठ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. देवापुढं दिवा लावून ती फोनची वाट बघत बसायची. रोज किल्ली देतो मी. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तुमची वेळ बदलेल, तेव्हा काटा एक तास पुढं करीन. मग तुझा फोन साडेपाचलाच येईल ना?

तुझा,
बाबा