गाडी रंगवण्याआधी तिचे मालक शोध

बर्मिंगहॅम,
१४ ऑक्टोबर

प्रिय सुहास,
स. न. वि. वि.

कराडच्या गोठ्यातली ती जुनी बीएसए मोटरसायकल शेवटी तू घेतलीसच! फोटो मिळाले, आरसी बुकाच्या पानांचेसुद्धा. पुढच्या आठवड्यात रंगाऱ्याकडे टाकतोयस असं लिहिलंस, म्हणून लगेच लिहायला बसलो. सुहास, इतक्यात रंगाला देऊ नकोस. खरवडणं, घासणं, क्रोम, सगळं थांबव. आधी ती कुणाकुणाची होती ते शोधून काढ.

इंजिनवरचा नंबर डब्ल्यूएम २० ने सुरू होतोय. म्हणजे ही युद्धकाळातली, लष्करासाठी बनलेली एम २०. आरसी बुकात '१९४८ मॉडेल' आहे त्यावर जाऊ नकोस. ते पहिल्या नोंदणीचं साल असणार, गाडी त्याआधीची आहे. हे मॉडेल १९३७ पासून होतं आणि युद्धात बीएसएने सव्वा लाखाच्या आसपास एम २० लष्कराला दिल्या. ४९६ सीसी, साइड व्हॉल्व्ह, एकच सिलिंडर, ताकद जेमतेम १३ हॉर्सपॉवर. पळायच्या बाबतीत नॉर्टन-ट्रायम्फ या दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांवाले तिला हसायचे. पण वाळू, चिखल, हलकं पेट्रोल, कशातही ती चालत राहायची आणि रस्त्याकडेला बसून दुरुस्त करता यायची. निरोप पोचवणाऱ्या स्वारांना तेच हवं होतं.

ती जिथे जन्मली तो स्मॉल हीथचा कारखाना याच शहरात होता. १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री त्यावर जर्मन बाँब पडले आणि ५३ कामगार गेले. आज कारखाना नाही, त्या कामगारांचं स्मारक आहे. तुझी गाडी त्या रात्रीच्या आधीची की नंतरची, हे मला फार जाणून घ्यायचंय. आणि ते कळू शकतं. कारखान्यातून कोणती गाडी कधी बाहेर पडली याची बीएसएची जुनी खातेबुकं इथल्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबने जपली आहेत. १९४६ साली स्थापन झालेला हा क्लब आहे. त्यांना इंजिन नंबर आणि चेसी नंबर दोन्ही लागतील. हे दोन नंबर जुळत नाहीत म्हणून घाबरू नकोस. त्या काळच्या बीएसएत ते वेगवेगळेच असायचे. मूळ जोडी टिकून आहे का, ते खातेबुकावरूनच ठरतं. कुणी 'मॅचिंग नंबर पाडून देतो' म्हणाला, तर त्याला गाडीला हातही लावू देऊ नकोस.

आता टाकी. लष्करी मोटरसायकलींच्या टाकीवर इंग्रजी सी अक्षराने सुरू होणारा क्रमांक रंगवलेला असे. तुझ्या टाकीवर वरून काळा रंग आहे, त्याखाली लालसर काहीतरी दिसतंय. त्याच्याही खाली तो क्रमांक असू शकतो. बारीक वॉटर पेपर घे आणि एका बाजूने, हाताने, अगदी सावकाश एकेक थर उतरव. प्रत्येक थराचा फोटो काढ. मालक बदलला की गाडीचा रंग बदलतो, त्यामुळे ते थरही मालकांचीच नोंद आहेत. रंगाऱ्याचं मशीन हे सगळं एका दुपारी पुसून टाकेल.

तुझ्याकडे काय आहे याची तुला कल्पना नाही, म्हणून इथलं सांगतो. इंग्लंडमध्ये १९२१ पासून प्रत्येक गाडीचं लॉगबुक असे. त्यात मालकांची नावं, पत्ते, शिक्के. पुढे सत्तरच्या दशकात नोंदी स्वान्सी शहरातल्या मध्यवर्ती कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर जायला लागल्या, जुनी पुस्तकं जमा झाली, आणि कित्येक काउन्टी कौन्सिलांनी आपली दप्तरं टाकून दिली. ज्यांच्या गाडीसोबत जुनं लॉगबुक टिकलंय, ते लोक ते जिवापाड जपतात. तुझ्या आरसी बुकात तर तीन ट्रान्सफर आहेत, आणि पहिला मालक बेळगावचा!

तेव्हा बेळगाव मुंबई प्रांतात होतं आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रही तिथेच आहे. युद्ध संपल्यावर लष्कराच्या जादा गाड्या विकल्या गेल्या, त्यातलीच ही असावी असं मला वाटतं. पण हा अंदाज झाला, पुरावा नाही. पुस्तकात पत्ता आहे ना? जाऊन ये. घर नसेल, गल्ली तर असेल. मधल्या मालकाचं नाव पुसट आहे, ते पान उन्हात तिरपं धरून पुन्हा फोटो पाठव.

आणि एक व्यवहाराचं. ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांत व्हिंटेज नोंदणी आली आहे. नव्याने नोंद होणाऱ्यांना 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, आधीच नोंद असलेल्यांना जुना ठेवता येतो. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसी-इंजिनात मोठा फेरफार नको. अशी नोंदणी केलीस तर गाडी रोजच्या वापरात काढता येत नाही, तेव्हा विचार करून ठरव. पण बुलेटचं इंजिन बसवायचा तुझ्या मिस्त्रींचा सल्ला कोणत्याही परिस्थितीत मानू नकोस. तसे मिस्त्री जाणते दिसतात. मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग, जागेवर आहे हे त्यांनीच ओळखलं. लेथवर बनवलेला एखादा जुना भाग निघाला तर तोही टाकून देऊ नका म्हणावं, कुणीतरी तो घडवून गाडी चालती ठेवली होती.

चेसी नंबरावर खडू घासून, पुसून, जवळून फोटो काढ आणि पाठव. क्लबला मी लिहितो. पण त्याआधी, याच आठवड्यात, ज्या आजींनी गाडी दिली त्यांच्याकडे जा. वहिनींनाही ने, म्हणजे आजी मोकळेपणी बोलतील. यजमानांनी गाडी कुणाकडून घेतली, किती रुपयांना, कुठे कुठे नेली, उभी केव्हापासून केली, ते सगळं विचार आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घे. जुना फोटो असला तर तिथेच मोबाईलवर काढून घे, मूळ फोटो मागू नकोस.

काकांना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत