ठरलेला स्पिती मार्ग परस्पर उलटा फिरवल्याबद्दल आणि खासगी पाटीची गाडी भाड्याने दिल्याबद्दल तक्रार

नागपूर, 4 जुलै

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

हिमाचल प्रदेशातील किन्नौर आणि स्पिती या दुर्गम भागांत स्वतः गाडी चालवत फिरण्याची सहल मी आपल्या कंपनीच्या सीताबर्डी येथील कार्यालयात एप्रिल महिन्यात नोंदवली आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पत्नी व मुलीसह त्या सहलीला गेलो. परतल्यानंतर आपल्या शाखेशी दूरध्वनीवर आणि व्हॉट्सॲपवर झालेल्या बोलण्यातून काहीही निष्पन्न न झाल्यामुळे ही लेखी तक्रार करीत आहे.

नोंदणीच्या पावतीवर आणि आपल्या माहितीपत्रकात प्रवासाचा क्रम चंदीगड, शिमला, कल्पा, ताबो, काझा, कुंझुम खिंड आणि शेवटी मनाली असा स्पष्ट छापलेला आहे. गाडी आम्हाला चंदीगड येथे मिळणार होती आणि मनालीत परत द्यायची होती. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर उंचीवर आहे, आणि आमच्या विदर्भातील थंड हवेचे ठिकाण म्हणजे चिखलदरा, तेही सुमारे अकराशे मीटरांवर. उंच प्रदेशाची सवय नसलेल्या माणसांसाठी हा क्रम योग्य आहे का, असे मी नोंदणीच्या वेळी मुद्दाम विचारले होते. शिमल्याच्या बाजूने उंची टप्प्याटप्प्याने वाढत जाते, त्यामुळे शरीराला सवय होते आणि कुटुंबासाठी हाच मार्ग सुरक्षित आहे, असे उत्तर आपल्या प्रतिनिधीने दिले. ते उत्तर बरोबर होते आणि त्याच भरवशावर मी पैसे भरले.

प्रत्यक्षात नागपूरहून निघण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मला संदेश आला, की गाडी चंदीगडऐवजी मनालीत मिळेल, चंदीगड ते मनाली आम्ही बसने जावे आणि सहल मनालीकडून सुरू करून शिमल्याकडे संपवावी. मी लगेच दूरध्वनी करून हरकत घेतली. ठिकाणे सर्व तीच आहेत, फक्त दिशा बदलली आहे, असे मला सांगण्यात आले. विरळ हवेच्या त्रासाचे काय, या प्रश्नावर कापूर हुंगत राहा, सगळे असेच जातात, असा सल्ला मिळाला. कापूर हुंगल्याने हवेतील प्राणवायू वाढत नाही. रेल्वेची तिकिटे काढून झालेली होती, रजा मंजूर झालेल्या होत्या आणि सहल रद्द केल्यास रक्कम परत मिळणार नाही, हेही त्याच बोलण्यात ऐकवण्यात आले होते. अशा स्थितीत आमचे जाणे म्हणजे या बदलाला आमची संमती होती, असे आता म्हणता येणार नाही.

दिशा बदलली म्हणजे नेमके काय बदलले, हे मी येथे सविस्तर मांडतो, कारण आपल्या कार्यालयातील कोणीही ते समजून घेतल्याचे मला दिसले नाही. शिमला सुमारे बावीसशे मीटर उंचीवर आहे, कल्पा तीन हजार मीटरांच्या थोडे आत आणि ताबो तेहतीसशेच्या आसपास. या मुक्कामांनंतर साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंचीवरच्या काझाला पोहोचणारा माणूस तोवर विरळ हवेला बराच सरावलेला असतो, आणि साडेचार हजार मीटरांहून उंच असलेली कुंझुम खिंड त्यानंतर ओलांडतो. मनालीकडून निघणारा प्रवासी मात्र सुमारे दोन हजार मीटरांवरून पहाटे निघतो, अटल बोगद्यातून पलीकडे उतरतो, त्याच दिवशी कुंझुम खिंड चढतो आणि रात्री थेट काझात झोपतो. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याच्या ठिकाणाची उंची एका दिवसात साधारण पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये, हा अतिउंचीवरील आजाराबाबतचा वैद्यकीय सल्ला सर्वत्र उपलब्ध आहे. मनालीत झोपलेल्या माणसाचा पुढचा मुक्काम आपण एका रात्रीत दीड हजार मीटरांहून अधिक उंच नेऊन ठेवला. कुंझुमच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी असतो, आणि तेथे गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यावर संपूर्ण कुटुंबाची जबाबदारी असते, ही गोष्ट स्वतः गाडी चालवण्याची सहल विकणाऱ्या कंपनीला तरी ठाऊक असायला हवी.

त्या दिवशीचा रस्ताही असाच होता. बोगदा ओलांडून ग्राम्फूला काझाकडचे वळण घेतले, की पुढे बराच रस्ता दगडगोट्यांचा आहे आणि वाटेत हिमनद्यांचे पाणी थेट रस्त्यावरून वाहते. ऊन चढते तसा बर्फ वितळतो आणि दुपारनंतर या नाल्यांचे पाणी वाढते, म्हणून तो पट्टा सकाळीच पार करावा लागतो. आम्हाला गाडी पहाटे पाचला मिळणार होती, ती साडेआठनंतर मिळाली. छतडूच्या पुढे एका नाल्यात पाणी इतके वाढले होते, की रस्ता दुरुस्त करणाऱ्या मजुरांनी आणि एका ट्रकचालकाने पाण्यात उतरून दगड बाजूला केले, तेव्हा कुठे गाडी पलीकडे गेली. त्या माणसांचे उपकार मी विसरणार नाही. त्या पट्ट्यात आमच्या कोणाच्याही फोनला रेंज नव्हती, आणि आपण दिलेला चोवीस तासांच्या मदतीचा क्रमांक तेथे काहीच कामाचा नव्हता. स्टेपनीचे टायर पूर्ण गुळगुळीत झालेले आहे, हे मनालीत डिकी उघडल्यावरच दिसले होते, आणि ते बदलून देण्याची विनंती तेथील माणसाने वेळ नाही म्हणून नाकारली होती.

लोसरला पोहोचेपर्यंत पत्नीचे डोके असह्य दुखू लागले. काझात रात्रभर उलट्या झाल्या, झोप लागली नाही आणि पहाटे तिला तोल सावरून चालता येईना. तेथील सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी तिला प्राणवायू लावला, औषधे दिली आणि लगेच खालच्या उंचीवर जाण्यास सांगितले. तोल जाणे हे मेंदूला सूज येण्याचे लक्षण असू शकते आणि अशा वेळी उंचीवर थांबून राहणे जिवावर बेतू शकते, हे त्यांनी मला बाजूला घेऊन समजावले. रुग्णालयाच्या कागदांच्या प्रती या पत्रासोबत जोडल्या आहेत. परदेशात किंवा एखाद्या मोठ्या शहरात असा प्रसंग आला असता तर मी टॅक्सी केली असती. काझात रात्रभर जागलेल्या अवस्थेत मलाच गाडी चालवत तिला ताबोपर्यंत खाली आणावे लागले. मागच्या आसनावर मुलगी आईचे डोके मांडीवर घेऊन बसली होती, आणि प्रत्येक खड्ड्यात गाडी आदळली की पत्नीचा आवाज माझ्या कानांवर येत होता.

काझातील उरलेला मुक्काम आणि ‘की’ गावचा गोम्पा (बौद्ध मठ), लांगझा व हिक्किम ही ठिकाणे त्यामुळे सोडून द्यावी लागली. ती सर्व काझाहूनही उंच असल्याने डॉक्टरांनी तेथे जाण्यास स्पष्ट मनाई केली होती. आपण त्या मुक्कामाची रक्कम आमच्याकडून पूर्ण घेतलेली आहे. किन्नौरचा जो रस्ता आम्ही सर्वांत अधिक उत्सुकतेने निवडला होता, खाब येथे स्पिती नदी सतलजला मिळते तेथून पुढे दरीच्या कड्यात खोदून काढलेला तो रस्ता, आम्ही आजारी माणसाला घेऊन लवकरात लवकर खाली उतरण्याच्या घाईत पार केला. कल्प्याहून समोर दिसणारा किन्नर कैलास पाहण्यासाठी पत्नीने वर्षभर पैसे साठवले होते. कल्प्याला ती खोलीतून बाहेर पडू शकली नाही. या गोष्टीची भरपाई रकमेत मोजता येत नाही, तरीही ती आपल्यापर्यंत पोहोचणे मला आवश्यक वाटते.

आता गाडीविषयी. किन्नौरच्या हद्दीत एका तपासणी नाक्यावर पोलिसांनी कागदपत्रे मागितली. नोंदणी प्रमाणपत्रावर एका खासगी व्यक्तीचे नाव होते आणि गाडीला पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरांचा, म्हणजे खासगी वापराचा क्रमांक होता. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांचा क्रमांक असावा लागतो आणि अशा गाड्या मोटार वाहन अधिनियम, 1988 व त्याखालील 1989 च्या रेंट-अ-कॅब योजनेनुसार परवानाधारकानेच द्यायच्या असतात. गाडीमालक तुमचे कोण, असे पोलिसांनी विचारले तेव्हा मी आपल्या प्रतिनिधीला दूरध्वनी लावला आणि त्याने मला मालक आमचे नातेवाईक आहेत असे सांगण्यास सांगितले. मी ते सांगितले नाही. जे खरे होते तेच सांगितले आणि पत्नीची अवस्था पाहून त्या पोलिसांनी गाडीचा क्रमांक लिहून घेत आम्हाला जाऊ दिले. आपल्या बेकायदेशीर व्यवहारासाठी ग्राहकाने पोलिसांसमोर खोटे बोलावे, अशी अपेक्षा आपली कंपनी ठेवते, हे मला या संपूर्ण प्रवासात सर्वांत अधिक लागले.

यातला धोका आपण लक्षात घ्यावा. खासगी वापरासाठी काढलेल्या विम्याच्या पॉलिसीत भाड्याने देण्याच्या वापराला संरक्षण नसते. त्या नाल्यात किंवा कुंझुमच्या उतारावर अपघात झाला असता तर विमा कंपनीने दावा नाकारण्याची पूर्ण शक्यता होती आणि त्याचा बोजा माझ्यावर व समोरच्या जखमी माणसावर पडला असता. याचा पुरावा आपणच दिला आहे. गाडीच्या तळाला दगड घासल्याचे कारण देऊन आपण माझ्या 20,000 रुपयांच्या अनामत रकमेतून 12,500 रुपये कापून घेतले. ही भरपाई विम्यातून का घेतली नाही, असे मी विचारल्यावर विम्यात ते बसत नाही, एवढेच उत्तर मला शाखेतून मिळाले. का बसत नाही, हे आता उघड आहे.

प्रवासक्रमात बदल करण्याचा अधिकार कंपनीकडे राखीव असल्याची अट आपण मला दाखवली. ती अट मी वाचली आहे. दरड कोसळणे, बर्फवृष्टी, प्रशासनाने रस्ता बंद करणे अशा कारणांसाठीच ती लिहिलेली आहे, आणि त्या आठवड्यात शिमला ते काझा हा रस्ता उघडा होता. आम्ही स्वतः त्याच रस्त्याने परत आलो. मग बदल कशासाठी झाला? मनालीत गाडी ताब्यात देणाऱ्या माणसाने सहज बोलता बोलता सांगितले, की आधीच्या ग्राहकाने गाडी तेथे सोडली होती आणि ती रिकामी चंदीगडला नेण्याचा खर्च वाचवायचा होता. हे खरे नसेल, तर त्या गाडीच्या आधीच्या नोंदणीची कागदपत्रे आपण मला दाखवावीत.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. गाडीभाड्याची पूर्ण रक्कम आपण परत करावी, कारण कायद्याने भाड्याने देता येत नसलेल्या गाडीचे भाडे घेण्याचा आपल्याला अधिकार नव्हता. अनामत रकमेतून कापलेले 12,500 रुपये आणि काझातील न वापरलेल्या मुक्कामाची रक्कमही परत मिळावी. पत्नीच्या उपचारांचा खर्च पावत्यांनुसार द्यावा. मार्ग का बदलला आणि ती गाडी कोणाच्या परवान्यावर दिली, याचे लेखी उत्तर द्यावे. या सर्वांपेक्षा महत्त्वाची मागणी अशी, की मैदानी भागातून येणाऱ्या कुटुंबांना मनालीकडून थेट काझात मुक्कामाला नेणे आपण ताबडतोब थांबवावे. दिवाळीच्या सुट्टीसाठी याच सहलीची जाहिरात आपल्या कार्यालयात लावलेली मी गेल्या आठवड्यात पाहिली. तिच्यात प्रवासाचा क्रम छापलेलाच नाही. तो छापावा आणि प्रत्येक मुक्कामाची उंची त्याच्या शेजारी लिहावी.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत समाधानकारक लेखी उत्तर न आल्यास मी सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्ही कारणांसाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन. सर्व वाद आपल्या मुख्यालयाच्या शहरातच चालतील असे आपल्या पावतीमागे छापलेले आहे, परंतु ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगाकडेही तक्रार करता येते, आणि मी ती नागपुरातच करीन. गाडीच्या क्रमांकाविषयीची तक्रार हिमाचल प्रदेशच्या परिवहन विभागाकडे मी स्वतंत्रपणे पाठवीत आहे. तिचा या भरपाईशी संबंध नाही आणि रक्कम मिळाली तरी ती मागे घेतली जाणार नाही.

नोंदणीची पावती, बदलाचा संदेश, रुग्णालयाची कागदपत्रे, गाडीची छायाचित्रे आणि अनामत रकमेच्या कपातीची पोच यांच्या प्रती सोबत पाठवीत आहे. मूळ कागद माझ्याकडे आहेत आणि आपला अधिकारी समक्ष येणार असल्यास ते दाखवण्याची माझी तयारी आहे.

कळावे,

आपला ग्राहक
(स्वाक्षरी)
धरमपेठ, नागपूर