दत्तक शाळेला पुढची भेट कधी?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातील 'महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी घेतली शाळा दत्तक' ही बातमी आणि तिच्यासोबतचे तीन स्तंभी छायाचित्र पाहिले. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन मुलांशी 'ताई-दादाचे नाते जोडले', याबद्दल त्यांचे अभिनंदन करण्यास माझी हरकत नाही. हे नाते दुपारी किती वाजेपर्यंत टिकले, तेवढे बातमीत यायला हवे होते. दत्तक घेतलेल्या लेकराला वर्षातून एकदा, तेही छायाचित्रकाराला बरोबर घेऊन भेटायचे असते, हे मला आजवर ठाऊक नव्हते.

मी एकोणतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले आणि त्यांतली शेवटची आठ वर्षे मुख्याध्यापिका होते, त्यामुळे अशा भेटींच्या वेळी चहापोहे, सतरंज्या आणि स्वागतगीत यांची व्यवस्था करणाऱ्या बाजूला मी उभी असे. एका वर्षी तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयाचे सात दिवसांचे श्रमसंस्कार शिबिर आमच्या गावी होते. त्यातल्या शनिवारी चाळीसएक मुले-मुली शाळेत आली, चिठ्ठ्या टाकून प्रत्येक विद्यार्थ्याला एक ताई किंवा दादा मिळाला, आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांनी ध्वनिक्षेपकावरून जाहीर केले, की यापुढे दर शनिवारी निदान दहा जण येतील.

आमच्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. हातच्याची वजाबाकी आली की वर काय आणि खाली काय, हे न पाहता ती सरळ मोठ्या अंकातून लहान अंक वजा करून मोकळी होई, त्यामुळे बावन्नातून सत्तावीस गेले की तिच्याकडे पस्तीस उरत. आम्ही दोन वर्षे सांगून थकलो होतो. तिच्या वाट्याला आलेल्या ताईने काडेपेटीतल्या काड्यांचे दहादहाचे गठ्ठे रबरबँडने बांधले, एक गठ्ठा तिला स्वतःच्या हाताने सोडायला लावला, आणि तासाभरात ती मुलगी पंचवीस म्हणाली. त्या ताईचे कौतुक मी आजही करते, कारण तिला शिकवता येत होते. जाताना तिने वहीत 400 − 137 हे उदाहरण मांडून दिले आणि सांगितले, 'मधे शून्य असलं की कुणाकडून घ्यायचं, ते पुढच्या शनिवारी.'

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा असूनही ती मुलगी साडेआठच्या एसटीपर्यंत फाटकाशी उभी राहिली. त्याच्या पुढच्या शनिवारीही उभी राहिली. वर्गात मी ते उदाहरण फळ्यावर घेतले, तेव्हा तिने वही मिटली आणि म्हणाली, 'बाई, तुम्ही नका सांगू, ताई येणार आहे.' पुढचे गणित तिने मागच्या पानावर सोडवले, त्याच्या पुढचेही सोडवले, पण ते एक पान वार्षिक परीक्षेपर्यंत तसेच कोरे राहिले. एसटीने कोणीही आले नाही. मार्चमध्ये मात्र एक पत्र आले, ज्यात 'स्वयंसेवकांनी बारा शनिवार मार्गदर्शन केले' असा मजकूर टंकलिखित होता आणि खाली माझ्या सहीसाठी जागा सोडलेली होती. महाविद्यालयाने शाळेला दोन पंखे दिले होते, संबंध बिघडायला नकोत म्हणून मी सही केली. ती माझी चूक होती आणि तिचा दोष मी दुसऱ्या कोणावर टाकत नाही.

आता सेवा योजनेच्याच हिशोबाने पाहू. स्वयंसेवकाला वर्षाला 120 तास, म्हणजे दोन वर्षांत 240 तास काम करायचे असते. वर्षाच्या 120 तासांतले चाळीस तास एका शाळेला दिले, तर दोन-दोन तासांच्या वीस भेटी होतात. तेवढ्यात वजाबाकीच काय, भागाकारही शिकवून होतो. पण त्यासाठी चाळीस जणांची एक सहल नको, वीस वेळा येणारे चार जण हवेत. डी.एड.चे छात्राध्यापक आंतरवासितेसाठी आठवडेच्या आठवडे आमच्याकडे येत, पाठाचे टाचण दाखवत, चुकले की माझे बोलणेही खात. त्यांना कोणी कधी दादा किंवा ताई म्हणायला लावले नव्हते, मुलेच आपणहून म्हणू लागत. आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार समाजात जाऊन केलेल्या कामालाही पदवीचे श्रेयांक मिळू लागले आहेत, तेव्हा अशी पाहुणेमंडळी वाढणार हे उघड आहे. कामाची खात्री म्हणून केवळ मुख्याध्यापकांच्या सहीवर विसंबू नये, असे मी स्वानुभवावरून सुचवते.

आपल्या प्रतिनिधीने त्या महाविद्यालयाला पुढच्या भेटीची तारीख विचारावी आणि ती याच पानावर, तितक्याच मोठ्या अक्षरांत छापावी, एवढी विनंती आहे. त्या तारखेला ते गेले, तर माझे हे पत्र मागे घेतले असे समजावे.

आणखी एक. छायाचित्राखाली प्राचार्य, उपप्राचार्य, दोन कार्यक्रम अधिकारी आणि सरपंच अशी पाच नावे पदांसह आहेत. मुलांचा उल्लेख 'चिमुकले' एवढाच आहे आणि छायाचित्रात त्यांच्या पाठी तेवढ्या दिसतात. लहान मुलांची नावे छापू नयेत हे मलाही कळते, पण मग छायाचित्र तरी त्यांच्या बाजूने काढायला काय हरकत होती? शिवाय गावाच्या नावातला 'ळ' आपण पुन्हा 'ल' केला आहे. याविषयी मी गेल्या वर्षीही लिहिले होते, ते पत्र छापून आले नाही.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका
जि. सातारा